विद्यापीठाचा रेडिओ नेमका कोणाचा?

पुण्यात रेडिओचा काटा 107.4 वर आणला की ‘विद्यावाणी’ लागते. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या आवारातून हे केंद्र 2005 पासून चालते. मुंबईत 107.8 वर मुंबई विद्यापीठाचा ‘मस्ट रेडिओ’ आहे. दोन्ही शहरांत जन्म काढलेल्या कित्येकांना ही केंद्रे आहेत हेच माहीत नसते. ज्यांना माहीत असते त्यांतल्या बऱ्याच जणांना तो विद्यार्थ्यांचा हौसेचा उपक्रम वाटतो, नाहीतर आकाशवाणीचीच एखादी धाकटी शाखा वाटते. खरे तर ती या दोन्हींपैकी काहीच नाहीत. सरकारदरबारी त्यांची नोंद ‘सामुदायिक रेडिओ केंद्र’ अशी आहे. परवाना विद्यापीठाच्या नावावर असतो, पण तो मिळतो आसपासच्या वस्तीची सेवा करण्याच्या अटीवर. कुंपणाबाहेरच्या माणसाचा या माइकवर हक्क आहे आणि तो बहुतेकांनी अजून मागितलेलाच नाही. म्हणून हा विषय मुळापासून समजून घ्यायला हवा.

आपल्याकडे रेडिओ तीन प्रकारचा आहे. पहिला आकाशवाणी. ती प्रसार भारतीकडे आहे आणि सार्वजनिक पैशावर चालते. दुसरा खासगी एफएम. तिथे कंपन्या लिलावात बोली लावून लहरी घेतात आणि जाहिरातींतून पैसा उभा करतात. तिसरा सामुदायिक. इथे लिलाव नाही आणि नफा कमावायची परवानगीही नाही. शैक्षणिक संस्था, कृषी विज्ञान केंद्रे आणि काही वर्षे प्रत्यक्ष काम केलेल्या नोंदणीकृत सामाजिक संस्था अर्ज करू शकतात. एकट्या व्यक्तीला, राजकीय पक्षाला किंवा नफ्यासाठी चालणाऱ्या कंपनीला हा परवाना मिळत नाही.

क्रिकेटच्या वादातून उघडलेले दार

हा तिसरा प्रकार जन्माला आला तो एका क्रिकेट स्पर्धेच्या भांडणातून. 1993 साली बंगालच्या क्रिकेट संघटनेने हीरो कप ही आंतरराष्ट्रीय स्पर्धा भरवली आणि तिच्या चित्रीकरणाचे हक्क एका परदेशी कंपनीला विकले. दूरदर्शन आणि केंद्र सरकारने हरकत घेतली. 1885 च्या तार कायद्यानुसार देशातून प्रक्षेपण करण्याचा अधिकार फक्त सरकारचा, असा त्यांचा दावा होता. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. न्यायमूर्ती पी. बी. सावंत, एस. मोहन आणि बी. पी. जीवन रेड्डी यांच्या पीठाने 9 फेब्रुवारी 1995 रोजी निकाल दिला: हवेतल्या लहरी ही जनतेची मालमत्ता आहे आणि तिचा वापर जनतेच्या हितासाठी, सार्वजनिक नियमनाखाली झाला पाहिजे.

हा निकाल दोन्ही बाजूंनी कापणारा होता. लहरींवर सरकारची एकहाती मालकी मान्य नाही, आणि ज्याच्या खिशात पैसा त्याच्याच ताब्यात त्या जाव्यात हेही मान्य नाही. लहरी सगळ्यांच्या असतील तर त्यांवर बोलायची संधीही सगळ्यांना मिळायला हवी, हा युक्तिवाद घेऊन देशातले सामुदायिक रेडिओचे कार्यकर्ते पुढची काही वर्षे सरकारच्या मागे लागले. खासगी कंपन्यांसाठीचे लिलाव लवकर झाले. सामान्य माणसाच्या रेडिओला मात्र डिसेंबर 2002 पर्यंत थांबावे लागले, आणि तेव्हाही दार उघडले ते फक्त शैक्षणिक संस्थांसाठी.

विद्यापीठांनाच आधी का, याचे कारण उघड आहे. विद्यापीठाला पत्ता असतो, कुलगुरू असतात, हिशेब तपासले जातात आणि काही गडबड झाली तर कोणाला नोटीस धाडायची हे ठाऊक असते. गावातल्या बायकांच्या हाती ट्रान्समीटर द्यायची सरकारची तयारी अजून झाली नव्हती. 1 फेब्रुवारी 2004 रोजी चेन्नईच्या अण्णा विद्यापीठात देशातले पहिले असे केंद्र सुरू झाले आणि पाठोपाठ पुण्यात विद्यावाणी आली. नोव्हेंबर 2006 मध्ये धोरण बदलून सामाजिक संस्थांना आणि कृषी विज्ञान केंद्रांनाही वाट मोकळी झाली. मग 2008 साली आजच्या तेलंगणातल्या माचनूर गावी दलित शेतकरी बायकांनी चालवलेला ‘संघम रेडिओ’ सुरू झाला. आपल्याकडे साताऱ्याच्या माण तालुक्यात, म्हसवडला, ‘माणदेशी तरंग वाहिनी’ उभी राहिली. आज देशभरात अशी सुमारे पाचशे केंद्रे आहेत. विद्यापीठांनी ही वाट आधी चालून दाखवली हे त्यांचे श्रेय आहेच, फक्त वाट सगळ्यांसाठी आखायची होती याचा विसर पडू नये.

शंभर वॉटचे गणित

या केंद्रांचा आवाज शहराबाहेर पोहोचत नाही ही नेहमीची तक्रार असते. तो पोहोचू नये अशीच योजना आहे. नियमानुसार प्रक्षेपणाची परिणामी ताकद सहसा 100 वॉटपेक्षा जास्त ठेवता येत नाही. आपल्या घरात पूर्वी लागायच्या त्या पिवळ्या दिव्याइतकी ही ताकद. ट्रान्समीटर बहुधा 50 वॉटचाच असतो. अँटेना ती ऊर्जा वर आकाशात वाया न घालवता आडवी पसरवते, म्हणून परिणाम दुप्पट मिळतो. अँटेनाची उंचीही जमिनीपासून 30 मीटरपर्यंतच ठेवता येते.

उंचीला इतके महत्त्व का, तर एफएमच्या लहरी जवळजवळ नजरेसारख्या सरळ जातात. मध्यम लहरींवरची आकाशवाणी रात्री दुसऱ्या राज्यातूनही ऐकू यायची, कारण त्या लहरी वातावरणाच्या वरच्या थरावरून परतून खाली येतात. एफएमच्या लहरी परतत नाहीत. पृथ्वी गोल असल्यामुळे 30 मीटर उंचीवरून क्षितिज साधारण साडेएकोणीस किलोमीटरवर असते, म्हणजे कितीही ताकद लावली तरी सपाट जमिनीवर त्याच्या फार पलीकडे जाणे अवघड. 100 वॉटमध्ये प्रत्यक्षात दहा ते पंधरा किलोमीटर मिळतात. पुण्यासारख्या टेकड्यांच्या शहरात वाटेत एखादी टेकडी किंवा उंच इमारतींची रांग आली की त्याहून कमी.

या छोटेपणाचा मोठा फायदा असा, की रेडिओच्या काट्यावरची एकच जागा वेगवेगळ्या गावांत पुन्हा पुन्हा वापरता येते. चेन्नईचे अण्णा विद्यापीठ 90.4 वर आहे आणि म्हसवडची माणदेशी तरंगही 90.4 वरच. मध्ये शेकडो किलोमीटर असल्याने दोघांचा एकमेकांना त्रास नाही. एफएमच्या रिसीव्हरचा आणखी एक गुण इथे मदतीला येतो. एकाच जागेवर दोन केंद्रे आली तर तो जोरदार असलेले केंद्र पकडतो आणि दुबळे जवळजवळ पूर्ण दाबून टाकतो, दोघांची सरमिसळ ऐकू येत नाही. मोजक्या लहरींमध्ये शेकडो केंद्रे मावतात ती यामुळे.

पण माझ्या मते खरा फायदा तांत्रिक नाही. दहा किलोमीटरच्या आतल्या माणसाशी बोलायचे ठरले की बोलणेच बदलते. ‘शेतकरी बांधवांनो’ म्हणून राज्यभराला उद्देशून सांगण्याऐवजी मुळशीकडच्या भातखाचरांबद्दल बोलता येते. ‘नागरिकांनी काळजी घ्यावी’ याऐवजी कोणत्या दवाखान्यात कोणत्या वारी लस मिळते ते सांगता येते. राज्यस्तरीय केंद्राला हे परवडत नाही, कारण उरलेल्या श्रोत्यांना त्या माहितीचा काही उपयोग नसतो.

हवेवर कोण बोलते

धोरणातली एक अट मला सगळ्यात मोलाची वाटते. निदान निम्मे कार्यक्रम स्थानिक पातळीवर, स्थानिक लोकांच्या सहभागातून तयार झाले पाहिजेत, आणि शक्य तितके स्थानिक भाषेत, बोलीत. केंद्राला एक सल्लागार व आशय समिती नेमावी लागते आणि 2024 च्या सुधारित नियमांनुसार तिच्यात निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. म्हणजे दिवसभर चित्रपटगीते वाजवून वेळ भरून काढणाऱ्या केंद्राकडून परवान्याचा हेतूच पाळला जात नाही.

विद्यापीठाच्या केंद्राकडे या कामासाठी दुसऱ्या कोणाकडे नसलेले भांडवल असते. एकाच आवारात भूगोलाचा प्राध्यापक, आहारतज्ज्ञ, कायद्याचा अभ्यासक, लोककलेचा संशोधक आणि हाताशी माइक धरायला उत्सुक विद्यार्थी. अडचण असते ती या ज्ञानाला लोकांच्या भाषेत आणण्याची. प्राध्यापकमंडळी स्टुडिओत आली की पुष्कळदा कागद काढून वाचू लागतात. चांगला निर्माता तो कागद हळूच बाजूला घेतो आणि विचारतो, “सर, हेच तुमच्या कामवाल्या मावशींना कसं सांगाल?” बहुतेकांना जमते. काही जण त्यानंतर वर्गातही वेगळे शिकवू लागतात.

उलट दिशेचे काम अधिक कठीण आणि अधिक गरजेचे आहे. वस्तीतल्या माणसाला स्टुडिओच्या काचेमागे बसवले की त्याचा आवाज बसतो, तो ‘प्रमाण’ बोलायचा प्रयत्न करतो आणि त्याची सगळी गंमत जाते. त्यापेक्षा विद्यार्थ्याने ध्वनिमुद्रक घेऊन त्याच्या दुकानात, रिक्षास्टँडवर, अंगणवाडीत जावे. पाठीमागे कुकरची शिट्टी आली तर येऊ द्यावी. पत्रकारितेच्या अभ्यासक्रमात जे तीन वर्षांत शिकवता येत नाही, म्हणजे समोरच्याचे बोलणे मध्ये न तोडता ऐकणे, ते मुले अशा चार दुपारींत शिकतात.

ही कल्पना पुण्याला नवी नाही. 1956 साली युनेस्कोच्या मदतीने आकाशवाणीच्या पुणे केंद्राने तेव्हाच्या मुंबई राज्यातल्या पाच मराठी जिल्ह्यांत, सुमारे दीडशे गावांत, शेतकरी रेडिओ मंडळांचा प्रयोग केला होता. गावकरी आठवड्यातून दोनदा एकत्र जमत, शेतीविषयक कार्यक्रम ऐकत, त्यावर चर्चा करत आणि आपले प्रश्न व मते केंद्राला कळवत. पुढच्या कार्यक्रमांत त्यांची दखल घेतली जाई. दहा आठवडे हे चालले. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने त्याची पाहणी केली. रेडिओ मंडळे असलेल्या गावांत लोकांच्या माहितीत लक्षणीय भर पडली होती, आणि ज्या गावांत नुसता रेडिओ होता, मंडळ नव्हते, तिथे ती फारच कमी होती. ऐकण्याला बोलण्याची जोड मिळाली की शिकणे पक्के होते, हे आपल्याच जिल्ह्यांत सत्तर वर्षांपूर्वी दिसून आले आहे. त्याच शहरातल्या विद्यापीठाकडे आज स्वतःचा ट्रान्समीटर आहे. श्रोत्यांची अशी मंडळे पुन्हा का बांधू नयेत, याला मला एकही चांगले कारण सापडत नाही.

बातम्यांची बंदी

आता सर्वांत वादाचा मुद्दा. सामुदायिक रेडिओला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत. आकाशवाणीच्या बातम्या तेवढ्या, मूळ रूपात किंवा स्थानिक भाषेत, बोलीत अनुवाद करून, देता येतात. चालू घडामोडींवरचे स्वतःचे आणि राजकीय स्वरूपाचे कार्यक्रमही वर्ज्य आहेत.

मग काय चालते? हवामान आणि रस्त्यावरची वाहतूक. परीक्षा, निकाल, प्रवेश, नोकरीच्या संधी. सण, जत्रा, सांस्कृतिक कार्यक्रम. वीज-पाण्याबद्दलच्या सूचना, आपत्तीचे आणि आरोग्याचे इशारे, तेही स्थानिक प्रशासनाने दिलेले. हे सारे ‘बातमी नव्हे’ असे धोरणातच म्हटले आहे.

याचा व्यवहारातला अर्थ असा. “गुरुवारी औंध भागात पाणी येणार नाही” ही महापालिकेची सूचना केंद्र वाचून दाखवू शकते. “गेले तीन महिने दर गुरुवारी पाणी का जाते आणि याला जबाबदार कोण” हा कार्यक्रम केला तर तो चालू घडामोडींत मोडेल की नाही, हे ठरवणे अवघड. आणि जिथे रेषा अस्पष्ट असते तिथे सरकारी अनुदानावर चालणारी संस्था दोन पावले मागेच उभी राहते. वर्तमानपत्रे छापायला, वृत्तवाहिन्या चालवायला, मोबाइलवर वाटेल ते पसरवायला मोकळीक असताना दहा किलोमीटरच्या रेडिओला मात्र गावची बातमी सांगायला मनाई, ही विसंगती मला कधीच पटलेली नाही. सरकार सुरक्षेचे कारण देते. ‘कॉमन कॉज’ या संस्थेने 2013 मध्ये या बंदीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले. बंदी आजही नियमांत कायम आहे.

चाणाक्ष केंद्रे या चौकटीतही वाट काढतात. पाण्याच्या राजकारणावर बोलता येत नसेल तर पाणी साठवण्यावर, गळती शोधण्यावर, तक्रार कुठे नि कशी नोंदवायची यावर बोलता येते. माहिती अधिकाराचा अर्ज कसा लिहावा हे समजावून सांगण्यावर बंदी नाही. लोकांना स्वतः प्रश्न विचारायला शिकवणे हे विद्यापीठाला शोभणारे काम आहे.

पैसा कुठून येतो

लहरींसाठीचे वार्षिक शुल्क फार नाही. ते 19,700 रुपये होते. 2012 मध्ये एकदम 91,000 करण्यात आले तेव्हा देशभरातल्या केंद्रांनी आरडाओरडा केला आणि वाढ मागे घ्यावी लागली. मोठा खर्च असतो तो पगारांचा. निवेदक, तंत्रज्ञ, निर्माते यांना दर महिन्याला पैसे द्यावेच लागतात.

जाहिरातींना तासाला 12 मिनिटे परवानगी आहे. 2024 पूर्वी ती 7 मिनिटे होती. सरकारी जाहिरातीचा दर त्याच वेळी दहा सेकंदांना 52 वरून 74 रुपये झाला. हिशेब करून पाहा. 12 मिनिटांत दहा सेकंदांच्या 72 जाहिराती बसतात, म्हणजे तासाला जास्तीत जास्त 5,328 रुपये. ऐकायला बरे वाटते, पण सगळ्या जागा भरतील इतक्या जाहिराती छोट्या केंद्राच्या वाट्याला येत नाहीत आणि झालेल्यांचे पैसे उशिरा मिळतात ही तक्रार जुनीच आहे.

विद्यापीठाचे केंद्र इथे नशीबवान आहे. जागा, वीज, इमारत, इंटरनेट घरचे. तज्ज्ञ मानधनाविना येतात. सामाजिक संस्थांची कित्येक केंद्रे देणगीदाराचा प्रकल्प संपला की गाळात जातात, तशी वेळ विद्यापीठावर सहसा येत नाही. धोका वेगळा आहे. कुलगुरूंना रस असेल तर केंद्र फुलते, नसेल तर एका कंत्राटी कर्मचाऱ्यावर सोडले जाते. आणि पैसा देणाऱ्याचे कौतुक करण्याची सवय लागली की दीक्षान्त समारंभ, परिसंवादाचे उद्घाटन, मान्यवरांचे सत्कार यांनीच दिवस भरतो. ते विद्यापीठाच्या प्रसिद्धी विभागाचे काम आहे, त्यासाठी जनतेच्या लहरी मिळालेल्या नाहीत.

अमेरिकेत ही परंपरा शंभर वर्षांहून जुनी आहे. विस्कॉन्सिन विद्यापीठात भौतिकशास्त्राचे प्राध्यापक अर्ल टेरी यांनी पहिल्या महायुद्धाच्या काळातच प्रायोगिक प्रक्षेपण सुरू केले. त्यावरून शेतकऱ्यांसाठी हवामानाचा अंदाज आणि बाजारभाव जायचे. 1922 मध्ये त्या केंद्राला ‘डब्ल्यूएचए’ हे नाव मिळाले आणि 1931 पासून ते खेड्यांतल्या शाळांना हवेवरून धडे देऊ लागले. तिथल्या पुष्कळ सार्वजनिक रेडिओ केंद्रांचे परवाने आजही विद्यापीठांकडे आहेत. ती बातम्या देतात, स्थानिक सत्तेला प्रश्न विचारतात, आणि श्रोते त्यांना वर्गणी देतात. सरकारी मदत 1967 च्या कायद्याने स्थापन झालेल्या महामंडळामार्फत येत असे. जुलै 2025 मध्ये अमेरिकी संसदेने त्या महामंडळाचे दोन वर्षांचे सुमारे 1.1 अब्ज डॉलर काढून घेतले आणि महामंडळाने गाशा गुंडाळायचे जाहीर केले. ज्या केंद्रांना श्रोत्यांच्या वर्गणीचा भक्कम आधार आहे ती यातून तगण्याची शक्यता जास्त. विरळ वस्तीतल्या छोट्या केंद्रांची अवस्था कठीण आहे.

ऐकायचे कसे, बोलायचे कसे

आपल्याकडे ताजी अडचण मोबाइलची आहे. रेडिओ संच घरातून गेला आणि एफएम फोनवर आले. साध्या बटणांच्या फोनमध्ये ते अजून असते, कारण तिथे इअरफोनची वायरच अँटेनाचे काम करते. महागड्या फोनमधून मात्र ही सोय गायब झाली. कित्येकांत चिप असते, पण बंद करून ठेवलेली. 2023 मध्ये केंद्र सरकारने फोन बनवणाऱ्यांना एफएमची सोय चालू ठेवावी असे सुचवले. पुरात टॉवर पडले, इंटरनेट गेले, तरी बॅटरीवरच्या ट्रान्समीटरवरून गल्लीगल्लीत सूचना पोहोचवता येतात. म्हणून फोन घेताना एफएम आहे का हे आवर्जून विचारावे.

तुम्ही अशा केंद्राच्या टप्प्यात राहत असाल तर एक आठवडा ऐका आणि मोजा: विद्यापीठात नोकरीला नसलेली किंवा शिकत नसलेली किती माणसे बोलली? भाजीवाली, बसचालक, परिचारिका, वसतिगृहाच्या स्वयंपाकघरातल्या ताई. संख्या कमी वाटली तर केंद्राला लेखी कळवा, विषय सुचवा, बचत गटाला किंवा भजनी मंडळाला घेऊन जा. आशय समितीवर स्थानिक माणसे कोण आहेत ते विचारा. हे विचारताना अवघडण्याचे कारण नाही, ती समिती तुमच्यासाठीच असते.

विद्यापीठांना माझी एक मागणी आहे. नियमाप्रमाणे प्रसारित झालेल्या कार्यक्रमांचे ध्वनिमुद्रण तीन महिने जपून ठेवावे लागते. त्यानंतर ते पुसले तरी कोणी विचारत नाही. जात्यावरच्या ओव्या म्हणणारी आजी, बंद पडलेल्या गिरणीतला कामगार, टेकडीवरची झाडे नावानिशी सांगणारा गुराखी यांचे आवाज जागा रिकामी करण्यासाठी पुसले जाऊ नयेत. सामाजिक संस्थेच्या केंद्राकडे साठवायची सोय नसेल, पण विद्यापीठाकडे ग्रंथालय आहे, मराठी विभाग आहे, संगणकतज्ज्ञ आहेत. बोलणाऱ्याची संमती घ्यावी, नाव, गाव आणि तारीख नोंदवावी, आणि प्रत्येक मुलाखतीची एक प्रत ग्रंथालयात दाखल करावी. मराठी विभागाच्या एम.ए.च्या विद्यार्थ्यांना हे काम श्रेयांकांसाठी देता येईल, आणि ते येत्या सत्रापासूनही सुरू होऊ शकते.